नुसतं अस्तर

रुजूच्या चेहऱ्याला मी आयुष्यात एकदाच रंग लावला होता, आणि त्याची शिक्षा म्हणून तिनं पंधरा दिवस मला मामा म्हटलं नव्हतं.

तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळेचं गॅदरिंग होतं. मी कोल्हापुरातला रंगभूषाकार, म्हणजे आमच्या लायनीत ज्याला मेकअपदादा म्हणतात तो. उत्तम मोरबाळे हे नाव पडद्यावर अगदी शेवटी, लोक उठून चपला शोधत असतात तेव्हा येतं. चाळिशीतल्या हिरोईनला विशीची आणि साठीतल्या हिरोला तिशीचा करणं हा माझा धंदा. त्यापुढे एका पोरीचा गाल झाकणं म्हणजे किस झाड की पत्ती. मी तीन थर चढवले. पोरगी आरशात बघून हरखली. स्टेजवर फुगडीच्या आधी खाली वाकली, गाल फुगला आणि तिन्ही थरांना भेगा पडल्या. पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. घरी येऊन तिनं खोबरेल तेलानं सगळं पुसून काढलं आणि मला सांगितलं, "परत लावायचं न्हाई." आमच्याकडं हट्ट करायची पद्धत निराळी असते, पण हा हट्ट नव्हता. निकाल होता.

रुजूच्या, म्हणजे ऋजुताच्या, डाव्या गालात जन्मापासून शिरांचा गुंता आहे. त्या शिरा सैल आहेत, त्यामुळे रक्त पुढं सरकायच्या ऐवजी तिथंच साठून राहतं. डोळ्याखालपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत गाल जड आणि निळसर, ओठ त्या बाजूला ओघळलेला. वाकलं, रडलं, श्वास रोखला की रक्त आणखी भरतं आणि गाल पिकल्या जांभळासारखा होतो. मन शांत झालं की रंग हळूहळू ओसरतो. डॉक्टरांच्या दृष्टीनं हा विकार. तिची आई, माझी धाकटी बहीण रूपा, हिच्या दृष्टीनं मात्र ती घरातली बातमीपत्राची जागा होती. पोरगी शाळेतून आली की रूपा डोळे बारीक करून गालाकडं बघायची. "भांडण झालंय." "भूक लागलीय." "गणितात आपटलीस, होय ना?" रुजू नाकारायला गेली की म्हणायची, "तू सांगू नगंस. गाल सांगालाय."

रुजूचे वडील ती दोन वर्षांची असतानाच गेले. रूपा नर्स. पोरगी तेरा वर्षांची झाली तेव्हा रूपाला जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात तीन वर्षांचं काम मिळालं, आणि ती रुजूला माझ्याकडं ठेवून गेली. जाताना दोन गोष्टी सांगून गेली. गालातली इंजेक्शनं चुकवायची नाहीत, आणि रोज फोनवर तोंड दाखवायचं.

आता इथं थोडं फोनबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

फोनवर आपण एकमेकांना बघतो असं आपल्याला वाटतं. तसं आता राहिलेलं नाही. एवढी चित्रं वाहून न्यायची तर वीज आणि जागा अफाट लागते, म्हणून शास्त्रज्ञांनी काटकसरीची युक्ती काढली. कोट्यवधी चेहऱ्यांची एक सरासरी काढली आणि ती प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक टीव्हीमध्ये आधीच भरून ठेवली. तुमचा फोन पलीकडं चित्र पाठवतच नाही. तो फक्त कळवतो, की या माणसाचं नाक सरासरीपेक्षा एवढं लांब, कपाळ एवढं रुंद, भुवया या क्षणी एवढ्या वर. दोन-अडीचशे आकडे, बस्स. त्या आकड्यांवरून पलीकडचा फोन तुम्हाला नव्यानं घडवतो. काम इतकं सफाईदार, की सख्ख्या आईलाही फरक कळू नये.

मेख अशी, की कोणते फरक कळवायचे याची यादी ठरलेली आहे, आणि ती पुष्कळ माणसांत सापडणाऱ्या फरकांवरून बनवलेली आहे. यादीत तीळ आहे, खळी आहे, टक्कल आहे, चष्म्याचा वळ आहे. लाखात एखाद्याच्याच वाट्याला येतं ते मात्र यादीत नाही. यंत्राला ती चित्रातली खराबी वाटते, जुन्या रिळावरच्या ओरखड्यासारखी. ते मुकाट्यानं ती पुसून टाकतं. या पद्धतीला लांबलचक सरकारी नाव आहे, पण लोक तिला चाळणीच म्हणतात. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो. पीठ चाळताना कोंडा जायचाच, एवढाच विचार.

रूपा गेल्यावर सहा महिन्यांनी चाळणी आमच्या फोनात आली. एका संध्याकाळी रूपाचा फोन आला आणि ती किंचाळलीच.

"दादा! अरं उतरलंय की रे! इंजेक्शन लागू पडलं!"

मी रुजूच्या शेजारीच बसलो होतो. गाल होता तसाच होता. इंजेक्शनांनी ठणका कमी झाला होता. रंग फारसा हलणार नाही हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते आम्ही रूपाला सांगायचं टाळलं होतं. आधी मला वाटलं, नेटवर्क खराब असेल. मग फोनच्या कोपऱ्यात रुजूचं छोटं चित्र दिसलं, पलीकडं रूपाला दिसत होतं तेच. गुळगुळीत, गोल, गोंडस. दोन्ही गाल एकसारखे. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात रूपा रडायलाच लागली. "माझी पोर बघा की कशी दिसाय लागली! बघ की दादा!"

रुजूनं त्या छोट्या चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. आमच्याकडच्या पोरी 'येतो, जातो' असंच बोलतात, तशी ती म्हणाली, "व्हय आई. बरा हाय मी आता."

रूपानं जोतिबाला नवस बोलला होता. तो तिच्या वतीनं मी फेडायचा होता. मी डोंगरावर गेलो, गुलाल-खोबरं उधळलं, चांगभलं म्हटलं आणि देवाला धडधडीत खोटं सांगून खाली उतरलो. देवानं ऐकून घेतलं. त्याला सवय असावी. मला मात्र त्या दिवशी रात्रीचं जेवण गेलं नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी बहिणीला खरं सांगितलं नाही. भित्रेपणा, दुसरं काय.

रोज फोन होत राहिला. रोज रूपा विचारायची, "कशी हाईस?" रोज रुजू म्हणायची, "बरा हाय." पूर्वी हे उत्तर रूपानं एका नजरेत फेटाळून लावलं असतं. आता पडद्यावरचा गाल काहीच सांगत नव्हता. दहावीत एका मास्तरानं वर्गाच्या फोटोसाठी रुजूला मागच्या रांगेत उभं केलं, त्या दिवशीही ती "बरा हाय" म्हणाली, आणि तिच्या आईनं विश्वास ठेवला.

तीन वर्षं अशी सरत आली. दिवाळीला रूपा परत येणार होती. आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गार्गी सरनोबत आली.

गार्गी मूळची कोल्हापूरची, पुण्यात वाढलेली, तरुण दिग्दर्शिका. चेहऱ्यावर व्यंग असलेल्या एका मुलीवर तिला चित्रपट करायचा होता. नटी ठरली होती, तिच्यासाठी सिलिकॉनचा गाल मी बनवायचा होता. मी आठ दिवसांत बनवला. गार्गी बघतच राहिली. "उत्तमदादा, हा इतका खरा कसा?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही, कारण रुजू माझा डबा घेऊन आत आली. तिनं टेबलावरचा गाल उचलला, बोटानं दाबला, उलटा करून बघितला.

"भारी झालाय," ती म्हणाली. "पर चिडल्यावर ह्यो काय करणार?"

गार्गीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि तासभर बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी नटीला नम्र निरोप गेला.

चित्रपटातला मुख्य प्रसंग तीन मिनिटांचा, एकाच शॉटचा होता. बाहेर थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आलेत. धाकटीला घरच्यांनी बजावलंय, तू आतच थांब, दिसू नकोस. ती खाली मान घालून कांदा चिरते. शब्द एकही नाही. रुजूनं तो असा केला, की आधी गाल भरत गेला, काळानिळा झाला, सुरीचा वेग वाढला. मग ती थांबली, एक लांब श्वास घेतला, रंग बोटभर उतरला आणि तिनं पोह्यांचा ट्रे उचलला. ती बाहेर जाणार हे तिनं ठरवलंय हे बघणाऱ्याला गालावरून कळायचं. शॉट संपला तेव्हा आमचे लाइटवाले, जे कुणाच्याही मरणाच्या सीनला तंबाखू मळत बसतात, ते उभे राहिले होते.

चित्रपट पुरा झाला आणि वितरकानं तो पंधरा-वीस लोकांना मोठ्या टीव्हीवर दाखवला. चित्रणाच्या कॅमेऱ्याला चाळणी नसते, त्यामुळे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, पण टीव्ही म्हणजे चाळणी आलीच. पडद्यावर एक गोड, नितळ पोरगी कांदा चिरत होती. चिरत होती, आणि मग ट्रे उचलत होती. शेवटी एका बाईनं विचारलं, "एवढी छान मुलगी, तिला आत का कोंडतायत? चोरीबिरी केलीय का तिनं?"

गार्गी बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिनं चाळणीच्या कचेरीकडं अर्ज केला, की या चेहऱ्याला अपवाद करा. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. 'चित्र तपासले. चेहऱ्यात कोणतीही त्रुटी आढळली नाही.'

मग वितरकाच्या माणसानं तोडगा सुचवला. तो समजायला एक गोष्ट सांगायला हवी. चाळणी नवी होती तेव्हा ती लिपस्टिक आणि लालीही पुसायची. त्यावर सौंदर्यप्रसाधनवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं, आणि तडजोड झाली. आता मेकअपच्या प्रत्येक वस्तूत एक बारीक चुरा मिसळलेला असतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण कॅमेऱ्याच्या डोळ्याला अदृश्य प्रकाशात तो चमकतो. जिथं ही खूण चमकते तिथं चाळणी हात लावत नाही. जे दिसतं ते जसंच्या तसं पुढं पाठवते. ही खूण चित्रण होतानाच नोंदली जाते, मागाहून संगणकावर घालता येत नाही. थोडक्यात, माणसाचा गाल गेला तरी चालेल, गालावरची लाली जाता कामा नये.

"तेव्हा सोपं आहे," तो माणूस म्हणाला. "मुलीच्या गालावर जांभळा मेकअप करा आणि महत्त्वाचे प्रसंग पुन्हा घ्या. मेकअप म्हटल्यावर दिसणारच."

गार्गीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. सिनेमा वाचत होता, आणि जांभळा रंग मला हुबेहूब जमला असता.

रुजू कोपऱ्यात उभी होती. "माझ्याच गालावर माझाच गाल रंगवायचा?" तिनं विचारलं. "आन् तो चढणार कसा, उतरणार कसा? मामा, गॅदरिंगला काय झालतं ते विसरलास?"

"रुजू, दुसरा मार्ग नाही," गार्गी म्हणाली.

"मग सिनेमा नगं."

गार्गीचा चेहरा पडला. वर्षाची मेहनत होती. पण रुजूचा गाल मी बघत होतो. तो शांत होता. ती रागावून बोलत नव्हती, ठरवून बोलत होती.

घरी आल्यावर ती माझी पेटी उघडून बसली. एकेक डबी काढून लेबलं वाचायला लागली. मी भाजी टाकत होतो.

"मामा, ती खूण कशात असती? रंगात?"

"रंगात असते, पावडरीत असते. सगळ्यात जास्त अस्तरात." अस्तर म्हणजे रंगाच्या आधी लावायचा पहिला हात, चेहऱ्याला रंग धरावा म्हणून.

"अस्तराला रंग असतो?"

"नाही. पाण्यासारखं असतं ते."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी कढईत मीठ टाकलं. मीठ टाकताना मला कळलं, आणि मी गॅस बंद केला.

"मग अस्तर लावून थांब की," रुजू म्हणाली.

दहा वर्षांनी तिनं माझ्यापुढं चेहरा धरला. मी बोटांनी गालावर अस्तर पसरलं. डोळ्याखाली, ओठाच्या ओघळापर्यंत, कानाच्या पाळीशी. अडतीस वर्षं अस्तरानंतर माझा हात रंगाकडं जातो. तसाच तो गेला, ब्रश गव्हाळ रंगात बुडाला आणि वर आला. रुजूनं माझं मनगट धरलं.

"थांब म्हणलं ना."

मी ब्रश खाली ठेवला. ती तिचा फोन घेऊन पलीकडच्या खोलीत गेली आणि तिथून मला फोन लावला. माझ्या हातातल्या पडद्यावर माझी भाची आली. माझीच. जड गाल, ओघळलेला ओठ, निळ्या शिरा, सगळं. तिनं मान खाली घातली, गाल भरला. मान वर केली, ओसरला. आयुष्यभर मी चेहरे झाकत आलो, आणि हा एक चेहरा उघडा करताना मला हुंदका आवरेना.

"मामा, रडालास व्हय?"

"कांदा चिरतोय," मी म्हणालो.

गार्गीनं रात्री येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि सोमवारी सकाळी अकराला पुन्हा चित्रण सुरू करायचं ठरवलं. ती गेल्यावर रुजू म्हणाली, "सोमवारच्या आधी आईला फोन करायचा. अस्तर लावून."

मी तिला खूप समजावलं. रूपा तिकडं एकटी आहे. परक्या देशात. दिवाळीला आल्यावर समोर बसवून सांगू, हळूहळू सांगू.

"विमानतळावर मला बघून तिचं तोंड कसं होईल, ते मला तिथं सगळ्यांसमोर बघायचं न्हाई. आन् तिला ते सिनेमात कळू द्यायचं न्हाई. आधी आई. मग सिनेमा."

"ती कोसळली तर?"

"मी हाय की."

सोळा वर्षांची पोर. मी अस्तराची डबी पेटीतून वर काढून ठेवली.

रविवारी दुपारी दीड वाजता, म्हणजे रूपाची तिकडं सकाळची मधली सुट्टी असते तेव्हा, मी अस्तर लावलं आणि थांबलो. या वेळी मनगट धरावं लागलं नाही. रुजूनं फोन लावला. रूपा गणवेशात, हातात चपातीची गुंडाळी, घास घेता घेता पडद्याकडं वळली.

"अगं, ह्या फोनाला काय झालं आज, तुझ्या गालावर..." तिनं अंगठ्यानं फोनची काच पुसली. पुन्हा पुसली. मग अंगठा थांबला.

"परत आलं?"

"गेलंच न्हवतं, आई."

रुजूनं तिला चाळणीचं सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, न अडखळता. रूपा ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "दादाला बोलीव."

मी पडद्यासमोर गेलो.

"गुलाल उधळलास तू."

"उधळला."

"देवापुढं, दादा?"

"व्हय."

त्यावर तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. मी बाजूला झालो. रूपानं फोन कशाला तरी टेकवला आणि दोन्ही हातांत तोंड धरून बसली. इकडं रुजूचा गाल भरायला लागला. मी पुढं सरकलो. मला वाटलं, आता पोर फुटणार.

रूपानं हात खाली घेतले. पडद्याकडं बघितलं आणि बघताना तिचे डोळे बारीक झाले, पूर्वी शाळेतून आल्यावर व्हायचे तसे.

"रडाय आलं न्हाई तुला," ती सावकाश म्हणाली. "रडताना डोळ्याखालनं भरतो. ह्यो ओठाकडनं वर चढालाय. चिडलीयस तू."

रुजूनं कोपऱ्यातल्या छोट्या चित्रात स्वतःचा गाल बघितला.

"कुणावर? मामावर?"

"तुझ्यावर."

रूपा पडद्याजवळ वाकली.

"तू त्या दिवशी लई खूश झालीस," रुजू म्हणाली. "गाल गेला म्हणून. जन्मल्यापासनं मी तुला तेवढं खूश बघितलंच न्हवतं. मग मी कसं सांगणार?" तिनं मान खाली घातली नाही. "अडीच वर्षं मी बरा न्हवतो, आई. आन् तुला कळत न्हवतं."

तिकडं कुणीतरी रूपाला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. तिनं नुसता हात वर करून त्याला थांबवलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, चपाती बाजूला सरकवली आणि खुर्ची पुढं ओढली.

"बारा मिनिटं हायत माझ्याकडं," ती म्हणाली. "पहिल्यापासनं सांग. आन् जरा उजेडात सरक. गाल दिसू दे."